मुर्डीहून सेनेट हाउसकडे

मुर्डी शोधायची तर आधी आंजर्लं शोधावं लागतं. दापोलीहून हर्णैच्या बाजूला उतरायचं, खाडीवरचा पूल ओलांडायचा, कड्यावरच्या गणपतीचं आंजर्लं गाठायचं आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, जांभ्याच्या गडग्यांना लागून जाणारा रस्ता धरायचा. या गावात १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते पहिले आले, सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. त्यानंतर उभ्या महाराष्ट्राने त्यांना ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ओळखलं. फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांच्या जन्माला १५० वर्षं होतात.

माझी भाची रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून गणित घेऊन बी.एस्सी. झाली आणि आता लंडनमध्ये पुढचं शिकते आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका शनिवारी आम्ही दोघी केंब्रिजला जाऊन आलो. तिच्या वर्गातली मुलं त्याआधी जाऊन आली होती आणि त्यांचा बेत ठरलेला असायचा. किंग्ज कॉलेजचं चॅपेल, नदीतून पंटची फेरी, ट्रिनिटीच्या दारातलं न्यूटनचं सफरचंदाचं झाड, दुपारचं जेवण, संध्याकाळची गाडी. भाचीने मात्र आदल्या रात्रीच सांगून टाकलं, “मावशी, आपण परांजप्यांच्या मागावर जाऊ. बाकीचं वाटेत लागलं तर बघू.” माझीही तीच इच्छा होती. फक्त परांजप्यांची वाट केंब्रिजच्या स्टेशनात सुरू होत नाही, म्हणून वाचकाला मी आधी मुरूडला नेते.

मुरूड दापोली तालुक्यातलंच, समुद्राला लागून. धोंडो केशव कर्वे तिथले, जन्म १८५८चा. सतरा वर्षांचे असताना त्यांना सरकारी सहावीच्या परीक्षेला बसायचं होतं आणि परीक्षेचं ठिकाण होतं सातारा. दिवस पावसाळ्याचे. सोबत्यांबरोबर ते पायी निघाले, कुंभार्ली घाट चढून, ओहोळ-नाले ओलांडत साताऱ्याला पोचले. परीक्षा समितीने त्यांच्याकडे पाहिलं, मुलगा वयाने लहान दिसतो म्हणाली आणि परीक्षेला बसू दिलं नाही. मुलगा आल्या वाटेने परत मुरूडला आला. आमच्या बाजूच्या शाळांमधून ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला ती ऐकताना नेहमी वेगळंच वाटत आलं आहे. त्या पावसात साताऱ्यापर्यंत पोचलेल्या पोराला राहायला कुणाचं तरी घर हवं होतं आणि समितीपुढे ‘हा सतरा वर्षांचा आहे’ असं सांगणारं एखादं वडीलधारं माणूस हवं होतं. कर्व्यांनी पुढे आयुष्यभर जे केलं ते पाहिलं की वाटतं, या गरजेची आठवण त्यांनी कधी सुटू दिली नाही.

रघुनाथ हा कर्व्यांच्या नात्यातला, अठरा वर्षांनी लहान. मुर्डी, आंजर्लं, दापोली अशी त्याची शाळा झाली. त्यापुढचं शिक्षण मुंबईला. त्या काळी कोकणातून मुंबईला जायचं म्हणजे हर्णैसारख्या बंदरातून आगबोट धरायची आणि पावसाळ्यात ती बंद. कर्वे तेव्हा मुंबईत निरनिराळ्या शाळांत आणि खाजगी शिकवण्यांवर संसार चालवत होते. त्या संसारात त्यांनी या मुलाला घेतलं. त्याचं राहणं, जेवण, अभ्यास, सगळं कर्व्यांच्या घरात. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळकांनी सोडलेली ती जागा. रघुनाथही त्याच कॉलेजात शिकला आणि मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिला आला. मधल्या काळात, १८९३ मध्ये, कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. ज्या गावचा मुलगा पुण्यात गणित शिकवत होता त्या गावात त्याला आईच्या घरी उतरायची चोरी झाली. रघुनाथ तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि हे सगळं जवळून पाहत होता.

१८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून परांजपे विलायतेला गेले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात. रँडचा खून, टिळकांना झालेली शिक्षा, चाफेकरांची फाशी, हे सारं ते केंब्रिजमध्ये असतानाचं.

त्या शनिवारी आम्ही लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघालो. तासाभराच्या आत गाडी केंब्रिजला लागते. स्टेशन गावाबाहेर आहे, चांगलं वीस-पंचवीस मिनिटांचं चालणं. रस्त्यावर सायकलींची रीघ. गावात शिरल्यावर विद्यापीठ कुठे आहे असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण विद्यापीठाला फाटक नाही, कुंपण नाही. १२०९ पासून वाढत आलेलं हे गावच विद्यापीठ आहे. त्यात ३१ कॉलेजं. कॉलेज विद्यार्थ्याला खोली देतं, जेवण देतं, आणि दोन-तीन मुलांना समोर बसवून त्यांच्याकडून गणितं सोडवून घेणारा शिक्षक देतं. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची हा विद्यापीठाचा अधिकार. वाचकांनी हा फरक मनात धरावा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

किंग्ज परेडवर किंग्जच्या चॅपेलपुढे गर्दी होती. पायाभरणी १४४६ची, काम संपायला पुढची सत्तर वर्षं. आत मान वर केली की दगडी छत पंख्यासारखं उमलत जाताना दिसतं. तिथे आम्ही थोडा वेळ थांबलो आणि लगेच शेजारच्या सेनेट हाउसकडे वळलो. पांढऱ्या दगडाची, खांबांची, फार मोठी नसलेली इमारत. जेम्स गिब्जने ती बांधली, १७३०ची. लोखंडी कठड्यापलीकडे कापलेलं गवत, दार बंद. बहुतेक माणसं चॅपेलचा फोटो काढून या इमारतीकडे पाठ करून निघून जात होती.

भाची कठड्याला धरून उभी राहिली. इथेच जूनमध्ये निकाल वाचला जाई. गॅलरीतून परीक्षक नावं वाचत आणि ती अकारविल्हे नसत, क्रमाने असत. पहिल्या वर्गात आलेले ते रँग्लर, त्यातला पहिला सीनियर रँग्लर. त्याची छायाचित्रं विकली जात, वर्तमानपत्रांत बातम्या येत, त्याच्या कॉलेजात जल्लोष होई. उत्तीर्णांत जो सर्वांत शेवटी, त्याच्यासाठी विद्यार्थी गॅलरीतून भलामोठा लाकडी चमचा खाली सोडत. १८९९च्या यादीत पहिल्या जागेवर दोन नावं होती. सेंट जॉन्स कॉलेजचे परांजपे आणि पेम्ब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल, दोघांना सारखाच मान. आनंदमोहन बोस १८७४ मध्ये पहिले हिंदी रँग्लर झाले होते. पण यादीच्या माथ्यावर हिंदी नाव येण्याची ती पहिलीच वेळ. हिंदुस्थानात त्या बातमीने झालेला आनंद समजण्यासारखा आहे. हिंदी माणसाची बुद्धी कोणत्या कामाची, हे राज्यकर्ते ठरवत होते असा तो काळ. त्यांच्याच परीक्षेत, त्यांच्याच नियमांनी, दापोली तालुक्यातला मुलगा पहिला आला होता.

पण ही परीक्षा काय होती तेही सांगायला हवं. त्या काळी खाजगी शिकवणी घेणारे नाणावलेले गुरू केंब्रिजमध्ये होते. पीटरहाउसच्या एडवर्ड राउथनी तर पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले होते. ठरलेल्या वेळात अवघड उदाहरणं झपाट्याने सोडवायची, त्यासाठी तीन-तीन वर्षं हात चालवायचा. परांजप्यांच्याच वर्षी, १८९६ मध्ये, केंब्रिजला आलेला एक मुलगा होता जी. एच. हार्डी. तो १८९८च्या यादीत चौथा आला. पुढे विसाव्या शतकातला इंग्लंडचा मोठा गणिती झाला, १९१४ मध्ये रामानुजनना ट्रिनिटीत आणलं, आणि ही क्रमवारी बंद व्हावी म्हणून झगडणाऱ्यांत तो पुढे होता. १९०९ नंतर क्रमाने नावं वाचणं थांबलं. सीनियर रँग्लर हा मान मात्र त्यानंतरही ओळखला जात राहिला. १९५९ मध्ये तो जयंत नारळीकरांना मिळाला, तेव्हा ते जिथले विद्यार्थी होते ते फिट्झविल्यम हाउस ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होतं. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही तिथलेच विद्यार्थी. २० मे २०२५ रोजी जयंतराव गेले. भाचीने त्यांच्या विज्ञानकथा शाळेत असताना वाचलेल्या, म्हणून आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर चक्कर मारली.

सेनेट हाउसपाशी मला भाचीला एक गोष्ट सांगायची होती, कारण पाठ्यपुस्तकात ती नसते. मुलींसाठी कॉलेजं केंब्रिजमध्ये १८७० नंतर निघाली होती. १८८१ पासून मुलींना ट्रायपॉसला रीतसर बसता येत होतं. १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचं नाव याच इमारतीत वाचलं गेलं, ‘सीनियर रँग्लरच्याही वर’ असं. मुलींची नावं वेगळी वाचत, कारण क्रमवारीच त्यांची नव्हती. पहिल्यापेक्षा जास्त गुण मिळवूनही त्यांना पदवी नाही. कॉलेज त्यांना होतं, विद्यापीठ नव्हतं. मुलींना पदवी द्यावी का यावर २१ मे १८९७ रोजी सेनेट हाउसात मतदान झालं. समोरच्या दुकानावर विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला होता. ठराव प्रचंड मतांनी पडला आणि रस्त्यावर जल्लोष झाला. परांजपे तेव्हा इथे पहिल्या वर्षाला होते. ज्यांच्या घरात ते वाढले त्या कर्व्यांनी आदल्याच वर्षी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं होतं. त्या दिवशी परांजप्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार करत आम्ही दोघी त्या समोरच्या दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसलो.

सेंट जॉन्स तिथून पाच मिनिटांवर. १५११ साली लेडी मार्गारेट ब्यूफोर्टच्या देणगीतून उभं राहिलेलं कॉलेज. दारावर तिच्या घराण्याची रंगीत चिन्हं, दोन शिंगाळे प्राणी ढाल धरून उभे. तिकीट काढून आत गेलं की एकामागून एक चौक लागतात. लाल विटांचे जुने चौक, नदीवरचा १८३१चा झाकलेला पूल, पलीकडे किल्ल्यासारखं न्यू कोर्ट. प्रत्येक चौकात मधोमध हिरवळ आणि तिच्यावर पाऊल टाकू नये अशी पाटी. केंब्रिजच्या कॉलेजांत बहुधा हिरवळीवरून चालायचा हक्क फेलोंचा. परांजपे १९०१ मध्ये या कॉलेजचे फेलो झाले. भाचीने हिरवळीच्या कडेने पूर्ण प्रदक्षिणा केली आणि म्हणाली, “म्हणजे त्यांना मधून जाता आलं असतं.”

नदीकडचा भाग लवकर सांगते. पंट म्हणजे सपाट बुडाची होडी. आंजर्ल्याच्या खाडीत पूल व्हायच्या आधी तरीवाला जसा बांबू रोवून होडी रेटायचा, तशीच इथली मुलं लांब काठीने ती रेटतात. आम्ही बसलो नाही, काठाने चाललो. किंग्जच्या पुलाजवळ चिनी पर्यटकांचा घोळका एका पांढऱ्या दगडाभोवती उभा होता. शू झीमो या चिनी कवीने केंब्रिजचा निरोप घेताना १९२८ मध्ये केलेल्या कवितेची आठवण म्हणून तो दगड २००८ मध्ये इथे बसवला आहे. माणसं तो पाहायला चीनमधून येतात, मुलांना ओळी वाचून दाखवतात. मला त्याचा हेवा वाटला आणि तो मी लपवत नाही. परांजप्यांच्या वाटेवर आम्हाला असं काही दिसलं नाही. अर्थात मराठी माणसं तरी ते मागायला कुठे आली?

दुपारी सिल्व्हर स्ट्रीटचा पूल ओलांडून न्यूनमला गेलो. पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. लाल विटांच्या इमारती, पांढऱ्या खिडक्या, समोर मोठी बाग. परांजप्यांची मुलगी शकुंतला, जन्म १९०६चा, याच कॉलेजात गणित शिकली आणि १९२९ मध्ये ट्रायपॉस झाली. बाप सेंट जॉन्सचा, लेक न्यूनमची, विषय तोच, परीक्षा तीच. तीस वर्षांनी. पण बापाला सेनेट हाउसात मिळालेलं विद्यापीठाचं सभासदत्व लेकीला मिळू शकत नव्हतं. १९२१ मध्ये पुन्हा ठराव आला होता, पुन्हा पडला, आणि आनंदाने बेभान झालेल्या विद्यार्थ्यांनी हातगाडी आदळून न्यूनमची ब्राँझची फाटकं मोडली. मुलींना मिळाली ती नावापुरती पदवी. विद्यापीठाच्या कारभारात मत नाही, पदवीदान समारंभात जागा नाही. पूर्ण पदवीची वेळ १९४८ मध्ये आली.

ही फाटकं आम्ही पाहिली. भाची मुकाट्याने पाहत होती, मग तिने विचारलं, “शकुंतलाबाईंना हे माहीत असताना त्या आल्या?” माहीत नसणं शक्यच नव्हतं. वडील १९२७ पासून इंडिया कौन्सिलचे सभासद म्हणून लंडनमध्येच होते. आणि त्याच १९२९ साली एकाहत्तर वर्षांचे धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे इंग्लंडात आले होते, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रीशिक्षणावर बोलले होते. कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ पासून सुरू होतं आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या कुलगुरुपदाची जबाबदारी परांजप्यांनी उचलली होती. पुण्याजवळच्या हिंगण्यात वाढलेलं ते छोटं विद्यापीठ मुलींना पदवी देत होतं, आणि सातशे वर्षांचं केंब्रिज पूर्ण पदवी देत नव्हतं! १९२९च्या उन्हाळ्यात ही सगळी माणसं एकाच देशात होती. माझ्यासाठी या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत मोठं सत्य आहे आणि आपल्या कोकणातल्या प्रत्येक शाळेत ते सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

शकुंतलाबाईंनी पुढे जे केलं ते वडिलांच्या क्रमांकाइतकंच लक्षात ठेवायला हवं. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम, प्रभातच्या ‘कुंकू’त भूमिका, मराठीत लेखन, आणि अण्णांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार, तोही अशा काळात जेव्हा हा विषय बाईने उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. १९६४ ते १९७० त्या राज्यसभेत होत्या. १९९१ मध्ये पद्मभूषण. सई परांजपे या त्यांच्या कन्या. १९९८ मध्ये केंब्रिजने १९४८ पूर्वीच्या विद्यार्थिनींना सन्मानाने बोलावून सेनेट हाउसापाशी सोहळा केला. शकुंतलाबाई तेव्हा ९२ वर्षांच्या होत्या.

रँग्लर परांजप्यांनी मोठं संशोधन केलं नाही, अशी एक तक्रार कानावर येते. खरं आहे. केंब्रिज, पॅरिस, गोटिंगेन पाहिलेला हा माणूस गणितात राहिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मलाही पडतो. पण ते पुण्याला परत आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, महिना ७५ रुपयांच्या घरातल्या वेतनावर. सरकारी शिक्षणखात्याचा पगार याच्या कितीतरी पट होता. १९०२ पासून जवळजवळ दोन दशकं त्यांनी फर्ग्युसन कॉलेज चालवलं. सगळं गोडच होतं असं नाही. १९०५ मध्ये विलायती कापडाची होळी केल्याबद्दल याच प्राचार्यांनी विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. पुढे तेच सावरकर तेरा वर्षं रत्नागिरीत स्थानबद्ध होते. परांजपे मवाळ होते, बुद्धिवादी होते, आपल्या मतांना चिकटून राहणारे होते. मला त्यांचा तो निर्णय पटत नाही आणि तरीही, केंब्रिजच्या फेलोने पुण्यातल्या कॉलेजात बसून पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवलं याचं मोल मी यादीतल्या पहिल्या जागेपेक्षा जास्त मानते. पुढे ते मंत्री झाले, लखनौचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे उच्चायुक्त झाले, अखेर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. ६ मे १९६६ रोजी गेले.

१५०व्या वर्षानिमित्त जिल्ह्यात कार्यक्रम होतील, व्हायलाच हवेत. माझं मागणं एवढंच आहे की पुतळ्याचा विचार करण्याआधी दापोलीत किंवा रत्नागिरीत एक वसतिगृह उभं करावं, जिथे मंडणगड, गुहागर, राजापूरच्या खेड्यांतली गणित-विज्ञान शिकणारी मुलं-मुली राहू शकतील. खेड्यातल्या मुलीचं शिक्षण आजही बुद्धीपेक्षा एसटीच्या शेवटच्या गाडीवर जास्त अडतं. कर्व्यांनी रघुनाथाला जे दिलं ते पहिल्यांदा छप्पर होतं, गणित त्यानंतर.

परतीच्या गाडीत भाचीशी याच विषयावर बोलणं चाललं होतं. तीही लंडनला उतरली तेव्हा हॅरोतल्या एका मराठी कुटुंबाने, ओळख नसताना, खोली मिळेपर्यंत तिला घरात ठेवून घेतलं होतं. बाकी सगळा खर्च शैक्षणिक कर्जातून आणि तिच्या आईने मोडलेल्या ठेवींतून. पुढच्या सप्टेंबरात तिच्या कॉलेजची, संगमेश्वरकडची, एक मुलगी लंडनला येते आहे. तिचे फोन आत्तापासूनच येताहेत, व्हिसाचं काय, भाडं किती, थंडीचे कपडे तिकडून आणू की इकडे घेऊ. “मी तिला सांगितलंय,” भाची म्हणाली, “आधी तिकीट काढ. खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहा. घरमालकिणीला मी विचारून ठेवलंय, ती हो म्हणाली आहे. एक गादी तेवढी घ्यायला हवी.”